सूर्यचुलीपासून हायड्रोजनपर्यंत

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची येथील सूर्याशी खरी ओळख मे महिन्यात होते. देशावरचा अगर विदर्भातला उन्हाळा त्याने पाहिलेला असतो. तरीही दुपारची लू, रात्री नऊपर्यंत हात लावू न देणारी गच्चीची भिंत आणि नळातून येणारे कढत पाणी यांचा अनुभव घेतल्यावर त्याची समजूत पालटते. पुढे डिसेंबराच्या अखेरीस धुके उतरले, म्हणजे हाच गृहस्थ त्याच सूर्याची वाट पाहत हिरवळीवर सतरंजी टाकून बसलेला आढळतो. ज्याला आपण चार महिने दूषणे देतो आणि दोन महिने शोधीत फिरतो, त्या सूर्यास कामास जुंपण्याचा उद्योग याच शहरात सत्तरांहून अधिक वर्षे चालू आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. पुसा येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेवरून आपण रोज जातो. गुडगावहून फरीदाबादकडे जाताना ग्वालपहाडीचे आवार डाव्या-उजव्या हाताला कोठेतरी येऊन जाते. साहिबाबाद तर आगगाडीच्या खिडकीतून दिसते. या तीन ठिकाणांचा इतिहास एकत्र लावून पाहिला, तर त्यातून काही बोध निघतो. तो बोध आज हायड्रोजनाच्या नावाने चाललेल्या मोठ्या उद्योगास लागू पडतो, असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

१

या कथेचा आरंभ दिल्लीत नाही, तो आपल्या मुंबईत आहे आणि तोही एका सरकारी नोकराच्या हातून झालेला आहे. विल्यम ॲडम्स हा इंग्रज गृहस्थ मुंबईत उपनिबंधकाच्या हुद्द्यावर होता. दिवसा दप्तर सांभाळावे आणि उरलेल्या वेळी आरशांशी खेळावे असा त्याचा क्रम असे. हिंदुस्थानात कोळसा दूर आहे, लाकूड महाग होत चालले आहे, ऊन मात्र फुकट पडते आहे, हा विचार त्याच्या मनाने घेतला. सपाट आरसे चाकांच्या चौकटीवर अर्धवर्तुळात मांडून त्या सर्वांचे कवडसे एका बाष्पपात्रावर टाकण्याची युक्ती त्याने काढली आणि कुलाब्यातील आपल्या आवारात अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र केवळ उन्हावर चालवून दाखविले. याच सुमारास त्याने आठ आरशांची एक चूल बनविली व तिच्यावर सात सैनिकांचे जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजविले. हे सर्व प्रयोग त्याने १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नमूद करून ठेवले आहेत. त्याच वर्षी पॅरिसच्या महाप्रदर्शनात ऑगस्तँ मूशो या फ्रेंच शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून लोकांस थक्क केले होते. म्हणजे या एका बाबतीत मुंबई पॅरिसच्या मागे नव्हती.

पुढे काय झाले, हे सांगण्यास फार वेळ लागत नाही. आगगाडीने कोळसा स्वस्त झाला आणि ॲडम्सचे आरसे विस्मृतीत गेले. यंत्र चालत होते. त्याची कोणास गरज उरली नाही, एवढेच. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण ती पुढे दोनदा घडणार आहे.

२

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. पहिले संचालक डॉ. के. एस. कृष्णन हे प्रकाशशास्त्रातील जगन्मान्य पुरुष. नव्या प्रजासत्ताकाची ही नवी प्रयोगशाळा. तिने देशातील गरिबाच्या उपयोगी पडेल असे काही द्यावे, ही अपेक्षा त्या काळी स्वाभाविक होती. खेड्यात गोवऱ्या जळत होत्या. जे शेण शेतात जावयाचे ते चुलीत जात होते. हे थांबवावयाचे तर दुसरे सरपण हवे, आणि ते उन्हाखेरीज कोणते असणार? या विचारातून तेथील शास्त्रज्ञ एम. एल. घई यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परावर्तक सूर्यचूल तयार केली. तिची रचना व निर्मिती यांविषयीचे त्यांचे निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाले.

चूल साधी होती. ॲल्युमिनियमचा चकचकीत, पसरट वाडगा उन्हाकडे तोंड करून उभा करावयाचा आणि जेथे सर्व किरण एकवटतात तेथे भांडे टांगावयाचे. एक चौरस मीटर क्षेत्रावर भर दुपारी जवळजवळ एक किलोवॉट शक्तीचे ऊन पडते. त्यातील तिसरा हिस्सा जरी भांड्यात उतरला, तरी लहान शेगडीइतकी उष्णता मिळते. यात शास्त्राची चूक काही नव्हती. वरण शिजत होते, पाणी उकळत होते. मुंबईच्या एका धातू-कारखान्याने तशा चुला बाजारातही आणल्या. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि गोवरीचे दिवस भरले असे पुष्कळांस वाटले.

गोवरीचे दिवस भरले नाहीत, चुलीचे मात्र भरले. काही वर्षांत ती अडगळीत जाऊन पडली. असे का झाले, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेतून उठून शेतकऱ्याच्या घरी जावे लागते. शेतावर जाणारे कुटुंब पहाटे भाकरी करते आणि दिवेलागणीनंतर पुन्हा चूल पेटविते. या दोन्ही वेळी सूर्य हजर नसतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणून दर थोड्या वेळाने उठून वाडगा वळविणे भाग, नाहीतर कवडसा भांड्यावरून सरकतो. हे काम उन्हात उभे राहून, डोळे दिपविणाऱ्या त्या पत्र्यासमोर करावयाचे आणि ते करणार कोण, तर जिच्या मागे आधीच दहा कामे आहेत ती घरची बाई. या सर्वांवर कळस म्हणजे किंमत. सूर्य फुकट असला तरी ॲल्युमिनियम फुकट नव्हते. रानातले सरपण व दारातले शेण यांस मात्र रोख पैसा लागत नव्हता. ज्याला खरोखर गरज, त्याला चूल परवडत नव्हती. ज्याला परवडत होती, त्याच्या घरी घासलेटचा स्टोव्ह होता.

आमच्या मते या अपयशाचे खापर शास्त्रज्ञांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे मागितले गेले ते दिले. चूल व स्वयंपाकघर यांमधील अंतर मोजण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. ते अंतर प्रयोगशाळेच्या मोजपट्टीत बसणारे नव्हतेच.

३

यानंतर लगोलग १९५४ साल उजाडले. एप्रिल महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकनाचा सूर्यघट जगापुढे मांडला. उन्हाच्या शंभर भागांपैकी सुमारे सहा भागांचे तो विजेत रूपांतर करीत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनेस्को व भारत सरकार यांच्या विद्यमाने नवी दिल्लीत पवनशक्ती व सौरशक्ती या विषयांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. त्याचा वृत्तांत युनेस्कोने १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सूर्यघटाचा जन्म आणि दिल्लीचा परिसंवाद एकाच वर्षी घडले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. दार उघडत होते त्या वेळी आपण उंबरठ्यावरच उभे होतो.

परंतु त्या काळी देशाचे लक्ष दुसऱ्या तेजाकडे लागलेले होते. अणुशक्तीचे युग येत आहे अशी साऱ्या जगाची खात्री होती आणि त्यासाठी पैसा, माणसे व मान हे तिन्ही एका बाजूस वाहत होते. या प्रवाहाविरुद्ध उभे राहून सूर्याची बाजू मांडणारा जो एक पुरुष निघाला, तो आपल्यापैकी होता, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले व पुण्यास राहणारे गणिती. इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांची कीर्ती वाचकांस परिचित आहेच. १९५७ च्या सुमारास लिहिलेल्या लेखात आणि १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबापुढील भाषणात त्यांनी हा प्रश्न उपस्थित केला. त्यांचा युक्तिवाद हिशेबाचा होता. अणुभट्टीचा खर्च सांगितला जातो त्याहून मोठा असतो. त्यातील भांडवल आणि ज्ञान या दोन्हींसाठी परक्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. ऊन मात्र प्रत्येक गावावर सारखे पडते. ते तारांनी वाहून न्यावे लागत नाही, आणि पाऊस सोडला तर आपल्या देशात त्याचा तुटवडा नाही. गावोगावी, लहान प्रमाणावर व तेथल्या तेथे वापरावयाची शक्ती आपल्यासारख्या देशास अधिक सोयीची, असे त्यांचे म्हणणे होते. हे सर्व ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरीस असताना बोलत होते, आणि त्या संस्थेचे धुरीणच अणुशक्तीचे शिल्पकार होते. १९६२ साली संस्थेशी त्यांचा संबंध संपला व १९६६ साली ते वारले.

कोसंबींचे सर्वच म्हणणे खरे ठरले असे नाही. त्या वेळचा सूर्यघट इतका महाग होता की तो उपग्रहावर शोभावा, खेड्यातल्या छपरावर नव्हे. तथापि त्यांनी लावून धरलेला एक मुद्दा अद्यापि जुना झालेला नाही. कोणती शक्ती निवडावी हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नसून, तिची किल्ली कोणाच्या हाती राहणार हाही त्यातीलच प्रश्न आहे.

४

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. ज्या सूर्याकडे वीस वर्षे कोणी पाहिले नव्हते, त्याची आठवण सर्व जगास एकाच वेळी झाली. दिल्लीच्या परिसरात तर संस्थांची रांगच लागली. साहिबाबाद येथे १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी निघाली. तिने १९७७ साली देशातील पहिला सूर्यघट व १९७८ साली पहिले सौरपट्ट तयार केले. दिल्लीच्या आय.आय.टी.त १९७६ साली ऊर्जा-अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. १९८१ च्या मार्चात अतिरिक्त ऊर्जा-स्रोतांचा आयोग नेमला गेला, १९८२ साली त्याचे अपारंपरिक ऊर्जेचे खाते झाले आणि १९९२ साली खात्याचे मंत्रालय. त्याच १९८२ साली ग्वालपहाडीस सौर ऊर्जा केंद्र उभे राहिले. २०१३ साली त्याला राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था म्हणून स्वायत्त रूप मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे मुख्यालय त्याच आवारात आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने एक मेगावॉटचे सौर-औष्णिक प्रायोगिक वीजकेंद्र बांधले, तेही याच भूमीवर. ॲडम्सच्या आरशांची ही नवी पिढी मुंबईकरांनीच दिल्लीस आणली, असे म्हणावयास हरकत नाही.

सूर्यचूल या काळात पुन्हा एकदा आली, पण या वेळी पेटीच्या रूपाने. काळी रंगविलेली पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. सरकार तीवर अनुदान देत असे. सरकारी वसाहतींच्या गच्च्यांवर ती पुष्कळांनी पाहिली असेल. सकाळी भात-वरणाचे डबे ठेवून कचेरीस जावे आणि दुपारी घरच्यांनी ते काढून घ्यावेत, इतपत तिचा उपयोग चांगला होई. परंतु भाकरीला तवा तापावा लागतो आणि फोडणीला तेल कडकडावे लागते; त्या उष्णतेपर्यंत पेटी पोहोचत नाही. ज्या स्वयंपाकात भाकरी नाही आणि फोडणी नाही, त्याला मराठी घरात स्वयंपाक कोण म्हणेल? पेटी हळूहळू गच्चीच्या कोपऱ्यात गेली, आणि पहिल्या चुलीचा इतिहास दुसऱ्या चुलीने गिरविला.

सूर्यघटाचे मात्र निराळे झाले, आणि त्याचे मर्म समजून घेणे अगत्याचे आहे. १९७७ साली साहिबाबादेस घट बनला खरा, पण पुढील तीस वर्षे तो दिवे, पंप आणि दुर्गम ठिकाणची दळणवळण-केंद्रे यांपलीकडे गेला नाही. ११ जानेवारी २०१० रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यात सरकारने एक नवी गोष्ट केली. वीज निर्माण करणाऱ्यास ती पंचवीस वर्षे ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा करार करून दिला आणि भाव कोणता, हे लिलावाने ठरविले. पहिल्या फेरीत युनिटास अकरा-बारा रुपये पडले होते. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भाडला येथे तोच भाव २ रुपये ४४ पैसे झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. मध्य प्रदेशातील रेवा येथील सौर-वीजकेंद्राची वीज २०१९ पासून दिल्लीच्या मेट्रोला मिळू लागली. तेव्हापासून कचेरीस जाणारा दिल्लीकर काही अंशी रेवाच्या उन्हावर प्रवास करीत असतो. २०२५ च्या प्रारंभी देशातील सौर-वीजकेंद्रांची एकंदर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

चुलीला जे लाभले नाही ते घटाला लाभले, ते म्हणजे खात्रीचे गिऱ्हाईक. चूल गरिबाने स्वतःच्या खिशातून, एकरकमी, घ्यावयाची होती. घटाची वीज सरकारने वर्षानुवर्षांच्या बोलीने घेतली. शोध प्रयोगशाळेत लागतो, पण तो रुजतो तो करारनाम्यावर. निविदेचा मसुदा करणारा, थकबाकीची हमी शोधणारा, कर्जाचे व्याज दोन टक्क्यांनी खाली आणणारा कारकून वा अधिकारी हा या कथेतील शास्त्रज्ञाइतकाच कर्ता आहे, आणि हे आम्ही आमच्या वाचकवर्गास खूश करण्यासाठी लिहीत नाही.

या यशास एक गालबोट आहे, तेही लपविता कामा नये. २०१० नंतरच्या दशकात देशात जे सौरपट्ट बसले, त्यांतील बहुसंख्य चीनहून आले. ज्या देशात १९७७ साली घट बनला, त्यास चाळीस वर्षांनी तो परदेशाहून आणावा लागला, कारण मधल्या काळात प्रयोगशाळेच्या मागे कारखाना उभा राहिला नाही. ऊन आपले आणि पत्रा परक्याचा, अशी ही स्थिती होती. ती पालटण्याचे प्रयत्न आता जोराने चालू आहेत.

५

आता हायड्रोजनाकडे वळू. १८३९ हे साल या विषयात मोठे विलक्षण आहे. त्या एकाच वर्षी फ्रान्समध्ये एदमों बेकरेल या तरुणाने प्रकाशापासून वीज निघते हे दाखविले, आणि ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह या वकिलाने हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज मिळविली. पहिल्यापासून सूर्यघट झाला, दुसऱ्यापासून इंधन-घट. पुढे १९२३ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी केंब्रिजमधील व्याख्यानात असे भाकीत केले की, कोळसा संपेल तेव्हा पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठविला जाईल. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वरी वारले.

त्यांचे भाकीत आपल्या देशात एका परीने त्यांच्या हयातीतच प्रत्यक्षात आले होते. १९६१ साली नांगल येथे सुरू झालेल्या खत-कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढीत आणि त्यापासून अमोनिया बनवीत. ज्याला आज ‘हरित हायड्रोजन’ असे नवे नाव मिळाले आहे, तो हाच. परंतु विजेला गिऱ्हाइके वाढली, कारखान्यासाठी एवढी वीज राखणे जड जाऊ लागले, आणि पुढे तेथे तेलावर आधारलेली पद्धत आली. ॲडम्सच्या आरशांची गत येथे तिसऱ्यांदा झाली म्हणावयाची.

दिल्लीच्या परिसरात हायड्रोजनाचे घर म्हणजे फरीदाबाद. इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र तेथे १९७२ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निर्णयामुळे दिल्लीच्या बसगाड्या सी.एन.जी.वर आल्यानंतर, त्याच वायूत थोडा हायड्रोजन मिसळण्याचा विचार पुढे आला. २००५ साली फरीदाबादेस व २००९ साली द्वारकेस असे मिश्रण भरण्याची केंद्रे निघाली. २०१२ च्या जानेवारीत प्रगती मैदानावर हायड्रोजनावर चालणाऱ्या पंधरा तीनचाकी गाड्या धावल्या. त्या दिल्लीच्या आय.आय.टी.ने व आपल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीने मिळून केल्या होत्या. २०२० च्या ऑक्टोबरात राजघाट आगारातील पन्नास बसगाड्यांवर मिश्रवायूचा प्रयोग सुरू झाला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी इंधन-घटावर चालणारी पहिली बस कर्तव्यपथावरून निघाली. तिचा हायड्रोजन फरीदाबादच्या आवारात सूर्याच्या विजेने पाण्यापासून काढलेला होता. ऊन, पाणी आणि चाक यांची साखळी दिल्लीत प्रथमच पुरी झाली.

या साखळीत मराठी कडीही आहे. इंधन-घटाच्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कराईकुडीची विद्युत्-रासायनिक संस्था आणि पुसा येथील भौतिकी प्रयोगशाळा या एकत्र आल्या. घटातील कर्बाचा सच्छिद्र कागद दिल्लीने दिला, आणि अशाच परिश्रमांतून २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास देशी बनावटीची हायड्रोजन-बस लोकांपुढे आली. राजकारणात पाहावे, तर २००६ साली जेव्हा पहिला राष्ट्रीय हायड्रोजन-आराखडा झाला, तेव्हा या मंत्रालयाची सूत्रे नागपूरचे विलास मुत्तेमवार यांच्याकडे होती. आणि ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनाच्या मोटारीतून संसदेत येणारे नितीन गडकरी हेही नागपूरचेच.

परंतु त्या २००६ च्या आराखड्याचे पुढे काय झाले? रतन टाटा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने तो तयार केला होता, आणि २०२० पर्यंत देशात हायड्रोजनावर चालणारी दहा लाख वाहने व एक हजार मेगावॉटची वीज असे त्याचे लक्ष्य होते. २०२० साल आले तेव्हा दिल्लीत पन्नास बसगाड्या मिश्रवायूचा प्रयोग करीत होत्या. यात कोणाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आराखडा करणारी माणसे थोर होती. पण लक्ष्य ठरविणे आणि गिऱ्हाईक ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून पुन्हा सिद्ध झाले.

अडचण हायड्रोजनाच्या स्वभावातच आहे. एक किलो हायड्रोजन काढण्यास नऊ लिटर पाणी व पन्नासांहून थोडी अधिक युनिटे वीज लागते. त्या किलोत साठलेली शक्ती सुमारे तेहतीस युनिटांची असते, आणि इंधन-घटातून त्यातील निम्मी विजेच्या रूपाने परत मिळते. म्हणजे रुपया देऊन पाच आणे घरी आणावयाचे. शिवाय हा वायू इतका हलका, की साध्या दाबाखाली एका किलोस अकरा-बारा घनमीटर जागा लागते. तीनशे पन्नास पट दाब दिला तरी चाळीसेक लिटर. जेथे तार पोहोचते, तेथे वीज सरळ वापरणे हाच शहाणपणा होय. परंतु खतासाठी अमोनिया तारेतून येत नाही, कच्च्या तेलातील गंधक विजेने निघत नाही आणि लोखंडाच्या मातीतून प्राणवायू ओढून घेण्यास कोळसा वा हायड्रोजन यांसारखे द्रव्य लागते. हायड्रोजनाची खरी जागा तेथे आहे. मोटार हा त्याचा दागिना आहे. संसार खताचा व पोलादाचा आहे.

४ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला बसल्याला बरोबर शहात्तर वर्षे झाली त्या दिवशी, मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्याची रक्कम १९,७४४ कोटी रुपयांची असून २०३० पर्यंत वर्षास पन्नास लाख टन हायड्रोजन काढण्याचे लक्ष्य आहे. यातील १७,४९० कोटी उत्पादकांना व विघटन-यंत्रे बनविणाऱ्यांना प्रोत्साहनापोटी आहेत, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांना आणि ४०० कोटी संशोधनाला. गिऱ्हाइकाचा व कारखान्याचा धडा सरकारने घेतला, हे या आकड्यांवरून दिसते, आणि ते योग्यच आहे. पण संशोधनाच्या वाट्यास शंभरातले दोन रुपये यावेत, हे आम्हांस खटकते. चुलीच्या वेळी प्रयोगशाळा होती आणि बाजार नव्हता. आता बाजार उभा राहावा आणि प्रयोगशाळा उपाशी राहावी, असे होऊ नये. विघटन-यंत्र परक्याचे आणि पाणी आपले, ही सौरपट्टाची कहाणी पुन्हा लिहावयाची नसेल, तर हा विचार आजच झाला पाहिजे.

६

या अभियानातील एक मोठे पाऊल दिल्लीपासून तीन कोसांवर नव्हे, तरी तासा-दोन तासांच्या वाटेवर पडावयाचे आहे. इंडियन ऑइलच्या तेल-शुद्धीकरण कारखान्यात वर्षास दहा हजार टन हरित हायड्रोजनाचा प्रकल्प उभारण्याचे काम २०२५ साली सोपविण्यात आले. येथे गिऱ्हाइकाची वाण नाही, कारण कारखाना स्वतःच गिऱ्हाईक आहे. गंधक काढण्यास त्याला हायड्रोजन रोजच लागतो. आणि या गावाचे नाव आहे पानिपत.

हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाचे मन क्षणभर थबकते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सेनापतींचे दोष व डावपेच यांचा खल अद्याप संपलेला नाही. परंतु ज्यावर सर्व इतिहासकारांचे एकमत आहे, अशी एक गोष्ट साधी आहे. रसद तुटली होती. लढाई होण्यापूर्वीच फौज उपाशी होती, कारण अन्नधान्य ज्या वाटेने यावयाचे ती वाट शत्रूच्या हाती गेली होती. आज आपला देश शंभरातील पंच्याऐंशीहून अधिक भाग कच्चे तेल परदेशाहून आणतो. ही सुद्धा रसदच आहे, आणि तिची वाटही दुसऱ्यांच्या समुद्रांतून येते. १९७३ सालच्या नाकेबंदीने ती एकदा महाग झाली होती. त्याच पानिपतच्या भूमीवर घरच्या उन्हाने आणि घरच्या पाण्याने काही थोडी रसद तयार होऊ पाहते आहे, यात योगायोगापलीकडे काही नसेल; पण योगायोगही माणसास आठवण देऊन जातात.

हा प्रकल्प नक्की यशस्वी होईल असे भविष्य आम्ही वर्तवीत नाही. या विषयात भविष्य वर्तविणाऱ्यांची काय गत झाली, ते वर दिलेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, विल्यम ॲडम्सच्या आरशांपासून नांगलच्या कारखान्यापर्यंत सूर्याने वा पाण्याने कधी दगा दिला नाही. जे तुटले, ते शोध आणि संसार यांच्या मधल्या जागेत तुटले. कोणाच्या घरी केव्हा चूल पेटते, वाडगा कोण वळविणार, पैसा एकरकमी की हप्त्याने, यंत्र आपले की परक्याचे, हे प्रश्न विचारावयाचे राहून गेले. ते प्रश्न विचारण्याची जागा प्रयोगशाळेत नसते. ती टिपणीच्या कागदावर असते. त्या कागदावर सही करणाऱ्यांपैकी काही जण हे मासिक वाचतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पुढल्या वेळी हायड्रोजनाची अगर सूर्याची फाईल टेबलावर आली, तर तिच्यावर शेरा मारण्यापूर्वी त्यांनी एकदा त्या अडगळीत पडलेल्या चुलीची आठवण करावी, एवढीच विनंती.